येण्याचं कारण

वहीत सहा रकाने छापील आहेत:
नाव, गाव, माणसं किती, गाडीचा नंबर,
आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ.
सातवा साहेबांनी मागाहून पट्टीनं ओढला,
म्हणून अरुंद.
येण्याचं कारण.

पहाटे साडेपाचला मी टेबल मांडते
कुंभारगावच्या काठाला, वेड्या बाभळीच्या बुडाशी.
वहीवर दगड ठेवते,
नाहीतर वारा मागची पानं चाळत बसतो.

पुण्याहून निघालेली माणसं उतरतात,
डोळ्यांत अर्धी झोप, गळ्यात दुर्बिणी,
हातात टॉवेलात गुंडाळलेल्या लेन्सा,
तान्ह्या बाळाची मान धरावी तशा धरलेल्या.
रोहित आलेत का? हा पहिला प्रश्न.
आलेत म्हटलं की माझ्याकडे असं बघतात
जसं काय मीच रात्री हाकत आणलेत.

अरुंद रकान्यात मावेल तेवढंच लिहितात.
पक्षी. पक्षी. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.
एका पोरानं लिहिलं: बाबांनी उठवलं.
लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली एक जोडी
पेन हातात घेऊन कारणापाशी अडली,
एकमेकांकडं बघून हसली,
आणि वरीलप्रमाणे लिहून होडीत बसली.

गुरुवारी खांबेटे बाई येतात.
गाडीचा नंबर: पॅसेंजर.
कारण: चांदवे मोजणे.

चांदव्यांकडं कोण बघतंय!
काळं अंग, कपाळाला चुन्याचं बोट,
हजारानं असतात
म्हणून कुणाच्याच फोटोत नसतात.
बाई होडी घेत नाहीत. काठालाच बसकण टाकतात,
दहा-दहाचे गठ्ठे करून मोजतात.
घार फिरली की सगळा हिशोब फडफडत दूर जातो,
बाई डब्यातली एक वडी खातात
आणि एकपासून लागतात.

मोजून काय होतं, बाई?
काही होत नाही गं.
पण मोजले नाहीत तर कमी झालेले कळत नाहीत.

आमच्या आबांनी मासे कधी मोजले नाहीत.
पाटी भरली की भरली.
आता जाळ्यात चिलापी, वर चिलापी, खाली चिलापी,
मरळ कधी गेला, आहेर कधी गेला
विचारलं तर म्हणतात, मी काय तारीख घातलीय?
आणि इंजिनात रॉकेल ओततात
पुढच्या सहा माणसांसाठी.

मार्चात एका मंगळवारी कुणीच आलं नाही.
रोहित निम्मे उठून गेलेले,
पाणी मागं सरलेलं, चिखलात शेकाट्यांच्या पायांची गिचमीड.
पाच वाजता मी नारिंगी जॅकेट चढवलं,
पर्यटकांचं, घामानं कडक झालेलं,
आणि होडीत फळीवर बसले, पाहुण्यांच्या फळीवर.
आबांनी विडी विझवली.
कुठं न्यायचं, मॅडम?

इंजिन लावलंच नाही. बांबूनं ढकलत नेलं.
ज्या जागी ते प्रत्येक होडीला सांगतात
की इथं खाली जुन्या गावाची वेस होती,
त्या जागी आले, बांबू रोवला,
आणि काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.
पाण्याचा वास आला, रोजचाच,
फक्त जवळून.

मग मी चांदवे मोजले.
दहा, दहा, दहा.
तीनशे चाळीसवर अंधार झाला,
उरलेल्यांचा नुसता आवाज ऐकत राहिले.

शनिवारी साहेब आले, लाल पेन घेऊन.
बोट पानावरून खाली सरकत सरकत थांबलं.
ही कोण मोनाली?
गाव इथलंच, माणसं दोन, गाडी नाही,
कारण कोरं,
बाहेर आल्याची वेळ कोरी.
अगं, माणूस आत गेलं ते परत आलं की नाही,
कसं कळायचं?

मी वहीवरचा दगड उचलला, परत ठेवला.
म्हटलं, विचारून सांगते.